बाबा, सूर धरून ठेवणारा कंडेन्सर

बर्लिन,
१८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काय करत बसतेस?" शेजारी आई होती, ती काळजी करत बसेल म्हणून मी 'काही नाही' म्हणाले. आता सविस्तर सांगते, कारण हे तुम्हालाच कळेल.

माझा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, मॉड्युलर आहे. एकेक काम करणारी वेगळी मॉड्यूल्स आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी. १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूग नावाच्या कंपनीचा आला होता, त्याच जातीतला, पण खूप लहान. माझा साचा युरोरॅकचा, म्हणजे मॉड्यूल्सची मापं आणि वीज ठरवून दिलेला, म्युनिकजवळच्या डोप्फर कंपनीने नव्वदच्या दशकात आणलेला. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. सूर ठरवणारा व्होल्टेज वेगळा, तो एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे शुद्ध आणि कोमल रिषभात अंतर फक्त ८३ मिलिव्होल्टचं. एवढा आकडा लक्षात ठेवा.

मी केलं त्या मॉड्यूलला सॅम्पल अँड होल्ड म्हणतात. आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही काटा आकाशवाणी सांगलीकडे नेताना मधे खरखर यायची ना, तशीच खरखर इथे मुद्दाम करतात. एका ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी कलेक्टर मोकळा सोडायचा, बेस ग्राउंडला, आणि एमिटरला मोठ्या रेझिस्टन्समधून १२ व्होल्ट. उलटा जोडलेला तो ट्रान्झिस्टर खरखरत राहतो. तो आवाज वाढवून घ्यायचा, आणि ठोका पडला की सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरतं दार उघडून त्या क्षणी जो व्होल्टेज असेल तो कंडेन्सरवर साठवून घ्यायचा. दार बंद. पुढच्या ठोक्यापर्यंत तोच व्होल्टेज, तोच सूर. प्रत्येक ठोक्याला नवा, कुणीच न ठरवलेला. मला ते ऐकताना पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या पावसाची आठवण येते.

दाराचं काम एलएफ ३९८ हा आठ पायांचा आयसी करतो. सहाव्या पायाला कंडेन्सर, मी ०.०१ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीनचा घातला. हिशोबाने सूर एक स्वर, म्हणजे ते ८३ मिलिव्होल्ट, घसरायला जवळजवळ अर्धा मिनिट लागायला हवा होता. माझा दोन सेकंदांत घसरत होता! ठोका हळू केला की प्रत्येक स्वर रडत खाली यायचा.

आयसी बदलला, कंडेन्सर बदलला, ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा राहिलेला जोड, शोधला. मल्टिमीटर तर काहीच दाखवेना, आणि दाखवणार तरी कसा? नंतर गणित मांडलं तेव्हा कळलं, गळती नॅनोअँपिअरच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे वाटेत तीन हजार कोटी ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स. तुमच्या-माझ्या मीटरला ती वाट बंदच दिसते. पण एवढ्याशा कंडेन्सरला तेवढी गळती पुरते.

पाचव्या रात्री टेबलावरचा दिवा तिरका धरला आणि सहाव्या पायाभोवती पिवळसर चकाकी दिसली. सोल्डरिंगची पेस्ट, गळतीची वाट तीच. डबीतून काडीने घ्यायची सवय दुकानातलीच, पण तिच्या पुढची अर्धी सवय मी विसरले होते. प्रत्येक बोर्ड गिऱ्हाइकाला देण्याआधी तुम्ही ब्रश थिनरमध्ये बुडवून मागची बाजू घासायचात. मला वाटायचं, चांगलं दिसावं म्हणून. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन दोनदा घासलं, वाळू दिलं, पुन्हा चालू केलं. सूर जागच्या जागी. मी वीस सेकंद मोजले, एक स्वरभरही घसरला नाही. मग बराच वेळ तोच एक सूर ऐकत बसले.

आता दुसरं करायचंय, दोन चॅनेलचं. एक काम करा. दुकानातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या रेडिओंचे ते पारदर्शक, आत चांदीसारखी पट्टी दिसणारे पॉलिस्टायरीनचे कंडेन्सर असतील. व्होल्टेज धरून ठेवायला ते फार उत्तम. ०.०१ चे दोन मिळाले तर बाजूला ठेवा, मार्चमध्ये येईन तेव्हा नेईन. काढताना आयर्न फार वेळ टेकवू नका, उष्णतेने लगेच वितळतात. हे तुम्हाला सांगायला नको, पण लिहिलं.

आईला सांगा, झोपते वेळेवर.

तुमची,
पमी