दादा, आधी पिंपाला अर्थिंग दे

हॅमिल्टन, न्यूझीलंड
फेब्रुवारी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

प्रिय दादा आणि वहिनी,

अर्क काढायच्या पिंपाचे फोटो मिळाले. २० लिटरचं पिंप, आत सालीसाठी जाळीची चकती, झाकणातून निघालेली तांब्याची नळी, सगळं नीटनेटकं आहे. साबणासाठी लागणारं संत्र्याचं तेल वहिनींना मृग बहाराच्या सालीतून घरीच काढता येईल, यात मला शंका नाही. पण गिझरचं कॉइल जिथे पिंपाच्या बाजूने आत घुसवलंय, तो फोटो मोठा करून पाहिला. लाल आणि काळी वायर स्क्रूवर गुंडाळली आहे, आणि हिरवी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थची वायर, कापून टेपखाली दडवली आहे. तुझ्या वायरमनला ती जास्तीची वाटली असावी. ती जोडेपर्यंत पिन सॉकेटमध्ये घालू नकोस.

कॉइलच्या आत नायक्रोमची तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली आणि वरून धातूची नळी. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार नळीवर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, नळी जास्त तापते आणि एक दिवस केसाएवढी चीर पडते. भुकटीत पाणी शिरतं आणि अख्खं पिंप फेजवर येतं, म्हणजे त्यात करंट उतरतो. अर्थ नसेल तर काहीच ट्रिप होत नाही, कारण एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचला) १६ अँपिअरच्या वर जायची वाट बघायची असते आणि माणसाला ०.०५ अँपिअरसुद्धा फार होतं. पाणी उकळत राहतं, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि झाकण उघडायला हात लावणारा सापडतो. उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याने माणसं जातात ती याच कारणाने. फरक एवढाच की कूलरजवळ आपण निदान चप्पल घालून जातो.

अर्थिंग असं कर. कॉइलच्या बोल्टलाच हिरवी वायर अडकवू नकोस, कारण कॉइल बदलताना तो बोल्ट निघतो आणि वायर लोंबकळत राहते. पिंपाच्या काठाजवळ स्वतंत्र ६ मिमीचा बोल्ट बसव. खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, दातेरी वॉशर घाल आणि वायरला रिंगचा लग (धातूचं टोक) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने दाबून, दोन नटांनी आवळ. झाकण आणि पिंप यांच्यामध्ये गॅस्केट आहे, म्हणजे झाकण पिंपापासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असू शकतं. म्हणून झाकणाला आणि तांब्याच्या नळीलाही तिथूनच हिरव्या वायरचा तुकडा ने. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या जाड पिनपासून पिंप, झाकण, नळी असं एकेक तपास. आकडा अर्ध्या ओहमच्या आत हवा. दोन-तीन ओहम दाखवले तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा रंग खरवडायचा राहिला आहे.

क्रिंप म्हटलं म्हणून सांगते, बारीक तारांच्या टोकाला कथील लावून स्क्रूखाली दाबायची पद्धत सोड. दिसायला सुबक दिसतं, पण कथील दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो, सांधा तापतो आणि वायर काळी पडते. १६ अँपिअरचे प्लग अनेकदा याच कारणाने जळतात, आणि आपण प्लगला शिव्या देतो.

आता घरातला अर्थ. अंगणातल्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी घातलं होतं? काळी माती पावसात पाणी धरून असते तोवर अर्थ उत्तम मिळतो. मार्च सरला की तीच माती भेगाळते, सळईपासून सुटते आणि रोध वाढत जातो. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओत. सॉकेटवर मल्टिमीटरने तीन आकडे घे: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे यायला हवेत, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. निऑनचा टेस्टर इथे कामाचा नाही. फेज आहे की नाही तेवढंच तो सांगतो, अर्थ चांगला आहे का हे त्याला कळत नाही.

आणि अर्थ कितीही चांगला असला तरी या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ बसवच. एकाच डबीत गळती पकडणारा आरसीसीबी आणि जास्त भार पकडणारा एमसीबी, दोन्ही मिळतात. दोन पोलचा, १६ अँपिअर, सी कर्व्ह (क्षणभराच्या जादा करंटला लगेच न पडणारा) घे. साध्या आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, साध्या एमसीबीला गळती कळत नाही. घराच्या मुख्य बोर्डावर आरसीसीबी लावला की तो सारखा पडतो, अशी तुझी तक्रार होती. त्याचं कारण बहुतेक इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये आहे. दोन सर्किटांची न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधली असेल, तर गेलेला करंट त्याच वाटेने परत येत नाही आणि आरसीसीबी त्याला गळती समजतो. ते निस्तरायचं तेव्हा निस्तर, पण पिंपासाठी बोर्डापासून वेगळी लाइन ओढ: फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही स्वतंत्र, २.५ चौ. मिमी तांबं. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाब.

कॉइल २००० वॅटचं आहे, म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. हे ६ अँपिअरच्या सॉकेटचं काम नाहीच. स्वयंपाकघरातलं १६ अँपिअरचं सॉकेट उघडून पाहा. जुन्या घरांत सॉकेट मोठं आणि मागची वायर ट्यूबलाइटची, असा प्रकार सर्रास असतो. पिंपापर्यंतची केबल तीन कोअरची, १.५ चौ. मिमी पुरेल. फक्त कॉइलच्या टोकाजवळचा वीतभर तुकडा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन वायरचा घे, कारण साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश आहे आणि कॉइलचे स्क्रू त्याहून गरम होतात. टोकांवर पत्र्याची डबी हवी, केबल आत जाते तिथे ग्लँड (केबल घट्ट धरणारं बूच) हवी. पिंपाच्या काठावरून ओघळणारं पाणी नेमकं तिथेच येतं.

कॉइलची उष्णता कमी-जास्त करायला रेग्युलेटरबद्दल विचारलंस. पंख्याचा रेग्युलेटर जेमतेम शंभर वॅटचा असतो, त्याचा विचारही नको. ऑनलाइन मिळणाऱ्या '४००० वॅट'च्या रेग्युलेटरच्या उघड्या पाटीवरचा आकडा मी निम्मा धरते. त्यातला ट्रायॅक (वीज कमी-जास्त करणारा अर्धवाहक) ९ अँपिअरला साधारण १० वॅट स्वतःच गरम करतो. मे महिन्यात खोली ४४ अंशांवर असताना बंद डबीत त्याचं काय होईल ते बघ. वर हे अर्धवाहक खराब होतात ते बहुतेक शॉर्ट होऊन, म्हणजे नॉब शून्यावर आणि कॉइल पूर्ण चालू. त्यापेक्षा १००० वॅटची दोन कॉइल बसव, दोघांना वेगळे स्विच. १२ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला दोन्ही कॉइलवर अर्धा तास लागेल. वाफ सुरू झाली की एक बंद कर. एका कॉइलवर तासाला सुमारे दीड लिटर पाणी गळून येतं आणि सालीला तेवढी वाफ पुरते.

माझं खरं मत विचारशील तर १० लिटरपर्यंतच्या भांड्याला भोकच पाडू नये. लोहचुंबक चिकटतो अशा बुडाचं स्टीलचं भांडं इंडक्शनवर ठेवलं की पाण्यात विजेचा संबंधच येत नाही. पण तू भोक पाडून बसला आहेस, तर पुढचं ऐक.

लाइट जाऊन परत येते तेव्हा कॉइल आपोआप चालू होता कामा नये. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये जी सोय असते, तीच इथे हवी: हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा स्विच) धरतो, वीज गेली की सोडतो, परत आली तरी पुन्हा बटण दाबेपर्यंत धरत नाही. २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर आणि दोन बटणं, बस. शेतात रात्रीच्या लाइटसाठी लोक त्यावर 'ऑटो' (वीज आली की आपोआप चालू करणारी सोय) लावतात, तो इथे चुकूनही नको. नळीभोवती थंड पाणी फिरवणारा कूलरचा पंप याच कॉन्टॅक्टरच्या पुढून घे, म्हणजे पंपाचं पाणी नाही आणि पिंप उकळतंय, असं होणार नाही. पंप इन्व्हर्टरवर आणि कॉइल मेनवर असेल तर एक वेळ चालेल. उलटं कधीच नको.

कॉइल उघडं पडलं तर? तुझ्या पिंपात ५ लिटरच्या खाली गेलं की कॉइल हवेत येतं असं फोटोवरून दिसतं. १२ लिटर भरलंस तर वापरायला ७ लिटर, म्हणजे दोन्ही कॉइलवर दोन तासांहून थोडं जास्त. त्या मानाने घड्याळ लाव. वर पिंपाच्या बाहेरून, कॉइलच्या पातळीला, हाताने रिसेट करायचा गिझरचा कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा) चिकटवून टाक. उघडं कॉइल लालबुंद होतं, आणि संत्र्याच्या तेलाची वाफ अडीचशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटते.

वहिनी, हे तुमच्यासाठी. या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट ४८ अंशांच्या जवळपास आहे. म्हणजे त्या तापमानाला त्याच्यावर पेटेल एवढी वाफ साचते. नागपूरचा मे त्याच्या हातभर अलीकडेच असतो. म्हणून अर्क काढायचं काम मार्चअखेर संपवा किंवा पहाटे करा. ही वाफ हवेपेक्षा कितीतरी जड असते आणि जमिनीलगत सरकते. नळीचं तोंड, तेलाची बाटली आणि स्विचबोर्ड यांच्यात दीड मीटर अंतर ठेवा, बोर्ड उंचावर घ्या आणि देवघरातला दिवा त्या खोलीत नको. किलोभर ताज्या सालीतून पाच-दहा मिलि तेल येईल. ते पाण्यावर तरंगतं, काचेच्या ड्रॉपरने काढा. प्लास्टिकच्या झाकणाची बाटली वापरू नका, आणि थर्माकोल तर या तेलात विरघळतोच. गडद काचेची छोटी बाटली काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. हवा लागून जुनं झालेलं तेल त्वचेला खाज आणतं, साबणात घालायचं असल्याने हे लक्षात असू द्या.

दादा, थंड पाण्याचं गणितही चुकलंय. २० लिटरच्या बादलीत तांब्याची नळी आहे. एका कॉइलची उष्णता त्या बादलीला तासाभरात ४३ अंशांनी तापवते. २५ अंशांचं पाणी ६८ वर गेलं की नळीच्या तोंडातून थेंबांसोबत वाफ यायला लागते, आणि ती वाफ म्हणजे वर सांगितलेली वाफ. २०० लिटरचा ड्रम घे, तिथे वाढ तासाला चार-साडेचार अंशच होईल. ड्रम प्लास्टिकचाच, कारण पंपाची वायर पाण्यात आहे.

नळीचं तोंड बाटलीतल्या पाण्यात बुडवू नकोस. कॉइल बंद झालं की पिंपातली वाफ आवळते आणि बाटलीतलं सगळं मागे ओढलं जातं. आणि वाफेच्या वाटेत कुठेही तोटी किंवा व्हॉल्व नको. साल जाळीच्या चकतीवरच राहू दे, पाण्यात नको. फुगलेला चोथा नळीच्या तोंडाशी अडकला तर तुझं पिंप कुकर बनतं, आणि त्याला शिटी नाही. झाकण क्लिपांनी आवळण्यापेक्षा काठाला कणकेचं लिंपण कर. अत्तरवालेही पूर्वापार मातीचं लिंपण करतात आणि दाब वाढला तर लिंपण आधी सुटतं.

तुझा तो मित्र म्हणे विचारत होता, यातच मोहाची काढता येईल का. त्याला सरळ नाही म्हण. इथे न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती गाळायला १९९६ पासून परवानगी आहे, विकायला नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं सोड, त्या हेतूने भांडं बाळगणंही गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ४० टक्के दारूचा फ्लॅश पॉइंट २६ अंश आहे. नागपुरात वर्षातले किती महिने खोली त्याच्या खाली असते?

बाबांना सांग, इन्व्हर्टरच्या बॅटरीत हे गळून आलेलं पाणी घालू नका. नळी तांब्याची आहे, पाण्यात तांब्याचा अंश उतरतो आणि बॅटरी आपोआप उतरायला लागते. दुकानातलीच बाटली आणा.

आता आधी रिकाम्या पिंपात नुसतं पाणी घालून चालव, साल नको. त्याच्याही आधी कॉइलची ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्रावर) चाचणी करून घे. एक मेगाओहमच्या खाली असेल तर भुकटीत ओल आहे, कोरडं करून पुन्हा मोज. बोर्डाचं झाकण काढून, मेन बंद करून आतला फोटो पाठव. हिरव्या वायरची दोन्ही टोकं त्यात दिसली पाहिजेत.

तुझी,
ताई