सूचना : मार्गशीर्ष अमावास्येचे आकाश-छायाचित्रण सत्र, वांगणी

सर्व सभासदांना नमस्कार.

मार्गशीर्ष अमावास्येच्या लगतच्या शनिवारी रात्री वांगणीला आपले सत्र आहे. सूर्यास्तापूर्वी पोहोचावे. अंधार पडल्यावर गाडी मैदानात आणू नये. एका हेडलाइटने सगळ्यांच्याच फ्रेम वाया जातात. टॉर्च लाल प्रकाशाचाच हवा.

ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा माउंट ध्रुवताऱ्यावरून जुळवायचा असतो. ध्रुवतारा तिथून क्षितिजाच्या जेमतेम १९ अंश वर दिसतो, तेव्हा उत्तरेला झाड नसलेली जागा धरा.

या वेळी सगळ्यांनी मृगातला एम ४२ तेजोमेघच घ्यायचा आहे. त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ट्रॅपेझियमचे (गाभ्यातल्या ताऱ्यांच्या गटाचे) चारही तारे पांढऱ्या डागात बुडतात. म्हणून दोन संच घ्या : गाभ्यासाठी ५ ते १० सेकंदांचा, बाहेरच्या पंखांसाठी ६० ते १२० सेकंदांचा. सगळे रॉ फॉरमॅटमध्येच. मृगातल्याच अश्वशीर्ष तेजोमेघाचा मोह होईल, पण साध्या डीएसएलआरचा फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. अश्वशीर्ष फिका आला तर वाईट वाटून घेऊ नका.

डार्क फ्रेम (लेन्सवर झाकण ठेवून घेतलेल्या) तिथेच, त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळाच्या घ्या. घरी येऊन घेतलेल्या चालत नाहीत, सेन्सरचे तापमान बदललेले असते. ही गोष्ट कृपया मनावर घ्या, कारण चांगल्या चित्रांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) घेईपर्यंत फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा हलवू नका.

पहाटे दव पडते; ड्यू हीटर आणि जादा बॅटरी आणावी.

गाडीत जागा असणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवावे.