काकू, वाटप तेच होतं

ती. काकूंना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या वरच्या मजल्यावरून देवगडला परत गेलात त्याला आता वर्ष होत आलं. फोनवर दोनदा आभार मानायला गेलो, दोन्ही वेळा "बरं बरं, जेवलास का?" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे लिहून काढतोय, आणि चारचौघांत लिहितोय. सूनबाई वाचून दाखवतील तेव्हा त्यांना मध्येच थांबवू नका.

मी कोल्हापूरचा. लहानपणी आजोबांचं बोट धरून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचो. डोळ्यांसमोर म्हैस पिळायची आणि फेसाळलेला ग्लास तसाच तोंडाला लावायचा. रविवारी घरात तांबडा-पांढरा. अशा घरातला मुलगा दूध, तूप, मटण, अंडी सगळंच सोडतो म्हटल्यावर घरी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आई तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मित्र तावातावाने वाद घालायचे. ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचं, "पण का?"

तुम्ही हा प्रश्न कधी विचारला नाहीत. मीच एका रात्री जिन्यात बसून तुम्हाला सांगितलं होतं. ओळखीतल्या एका गोठ्यावर गेलो होतो. रेडकू मेलेलं होतं आणि म्हशीने पान्हा सोडावा म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. ती ते चाटत होती. पेंढ्याची दोन काडं शिवणीतून बाहेर आली होती आणि ती तिथेच पुन्हा पुन्हा जीभ फिरवत होती. गोठेवाल्याला मी आजही वाईट म्हणत नाही, त्याचं घर त्या दुधावर चालतं. पण त्या दिवसानंतर दुधाचा ग्लास माझ्याच्याने उचलला गेला नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "मग आता खातोस काय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि खरं उत्तर होतं: ओट्स, उकडलेले सोया चंक्स, काकडी-टोमॅटो, शेंगदाणे. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं होतं. जेवणाची वेळ आली की पोटात गोळा यायचा. आपण योग्य तेच करतोय याबद्दल मनात शंका नव्हती, पण जन्मभर असंच जेवायचं या विचाराने मी आतून खचलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वर हाक मारलीत. "झिला, जेवक बस." ताटात काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. रात्रभर भिजवलेले वाटाणे, कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून केलेलं वाटप, वर तुमचा गावाहून आलेला मालवणी मसाला. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं होतं असं मी तेव्हा म्हणालो. तिखटाचं नव्हतं, काकू. तीन महिन्यांनी जेवणाला जेवणाचा वास आला होता.

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! "मटण सोडलंस ते सोडलंस, पण वाटप कशाला सोडलंस?"

खरंच, वाटप कुठे गेलं होतं? आईने दिलेला कांदा-लसूण मसाल्याचा डबा फडताळात न उघडता पडला होता. जे सोडायचं होतं त्याच्याबरोबर मी सगळं घरच सोडून दिलं होतं. आमचा पांढरा रस्सासुद्धा नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू यांवरच तर उभा असतो. अळणीच्या, म्हणजे मटण उकडलेल्या पाण्याच्या, जागी तुम्ही कांदा, आलं, लसूण, मिरं, दालचिनी आणि भाज्यांचे देठ तासभर उकळून पाणी काढलंत आणि त्यात तो रस्सा केलात. अगदी तसाच लागला असं मी म्हणणार नाही. पण तो पांढरा रस्साच होता, आणि मी तीन वाट्या प्यायलो.

नारळाचं दूध काढायलाही तुम्हीच शिकवलंत. कोमट पाणी, पहिला रस वेगळा, दुसरा वेगळा. दुसऱ्या रसात शिजवायचं, पहिला शेवटी घालायचा आणि मग उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतो. किती वेळा फोडला मी! तुम्ही एकदाही रागावला नाहीत. फुटलेल्यात डाळ शिजवायचीत.

चहाचं तर आणखी वेगळं. मी महागाचं बदामाचं दूध आणून चहात घालायचो आणि ते फाटायचं. पाच-सहा वेळा चहा मोरीत ओतून शेवटी चहाच सोडला होता. तुम्ही म्हणालात, तू दुधाच्या चहातून दूध काढतोयस, कोरा चहा तसा होत नाही. पाण्यात गवती चहा आणि ठेचलेलं आलं उकळायचं, गॅस बंद करायचा, मग पाव चमचा पावडर टाकून दोन मिनिटं झाकायचं. पावडर उकळायचीच नाही. गूळ कपात, लिंबू शेवटी. आता सकाळी सहाला उठून मी पहिलं काम तेच करतो. तो वास आला की तुमची गॅलरी आठवते.

एक गोष्ट मात्र तुम्ही चवीवर सोडली नाहीत. तीस वर्षं अंगणवाडीचं काम केलेल्या बाईच्या नजरेतून माझा पडलेला चेहरा सुटणार नव्हता. पायाला मुंग्या येतात म्हणालो तशी दुसऱ्याच दिवशी मला रक्त तपासायला पाठवलंत. बी १२ कमी निघालं. वनस्पतींच्या अन्नात बी १२ भरवशाने मिळत नाही, ते गोळीतूनच घ्यावं लागतं, ही गोष्ट या सगळ्या उत्साहात मला कुणी सांगितलीच नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मुंग्या हळूहळू थांबल्या. आजही गोळी चुकवत नाही. मला कुणी विचारायला आलं की पाककृतीच्या आधी हेच सांगतो: तपासणी कर आणि गोळी घे.

बाकी तुमचे नियम माझ्या फ्रिजवर अजून चिकटवलेले आहेत, तुमच्याच अक्षरात. उसळीवर लिंबू पिळल्याशिवाय जेवायचं नाही, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नाही. आठवड्यातून चार दिवस नाचणी, कारण १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, दुधापेक्षा दुपटीहून अधिक. रोज एक चमचा जवसाची चटणी. तीळ आणि कारळं डब्यात संपू द्यायचे नाहीत. हे सगळं कागदावर औषधासारखं वाटतं. पण गरम नाचणीची भाकरी, त्यावर कच्चं तेल आणि कारळ्याची चटणी, शेजारी फोडलेला कांदा! मला ताटात आता काही कमी दिसत नाही.

आणि दही. त्याबद्दल लिहिल्याशिवाय पत्र संपवता येणार नाही.

कोल्हापूरच्या माणसाला मटण सोडणं एक वेळ जमेल, ताक-कढी सोडणं फार जड. शेंगदाण्याचं दही लावतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. तुमचा विश्वास बसला नाही, पण तुम्ही हट्टाला पेटलात. शेंगदाणे आठ तास भिजवून, एकेक साल काढून, वाटून, गाळून, ते दूध उकळून कोमट केलंत आणि विरजणाला हिरव्या मिरच्यांची देठं टाकलीत. पहिल्या दिवशी नुसतं आंबूस पाणी. दुसऱ्या खेपेला वास बिघडला. तिसऱ्या वेळी तुम्ही भांडं पिठाच्या डब्यात ठेवलंत, वर जुनी शाल. सकाळी सातला माझं दार वाजलं. तुम्ही गाऊनवर, केस न विंचरता, हातात स्टीलचं भांडं. काही न बोलता ते तिरकं केलंत. दही हललं नाही.

त्या दुपारी तुम्ही कढी केलीत, मोहरी-कढीपत्त्याची तेलातली फोडणी देऊन. शेजारच्या शेगडीवर तुमच्यासाठी बांगडा होता. माझी कढई, माझा झारा वेगळे, वेगळ्या खुंटीला. तुम्ही मासे सोडणार नव्हता आणि मी तुम्हाला कधी म्हटलंही नाही. तरी माझ्यासाठी तीन दिवस सालं काढत बसलात. तुम्हाला जे पटलं नव्हतं त्यात तुम्ही मला पोटभर जेवू घातलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

वाण्याकडे चष्मा लावून बिस्किटाचे पुडे वाचायचात तेही आठवतं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध पावडर चालते, हे तुम्हीच दुकानदाराला समजावलंत. व्हीगन, म्हणजे प्राण्यांकडून आलेलं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी २०२२ साली वेगळे नियम आले आणि हिरवा 'व्ही' पाकिटांवर दिसू लागला, तो पहिल्यांदा तुम्हीच हुडकून दाखवलात. मी म्हणालो, 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाला. तुम्ही म्हणालात, "शब्द निघेना का, पिठलं-भाकरी त्याच्याआधीची आहे."

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही माझ्या पाठीमागे केलीत. होळीच्या आधी आईला फोन केलात. काय बोललात ते दोघींनीही मला सांगितलं नाही. मी घरी गेलो तेव्हा एवढंच दिसलं की आईने पोळ्या लाटल्या होत्या, माझ्या वेगळ्या, तव्यावर तूप न सोडता. कटाची आमटी होती. आणि दुधाच्या वाटीच्या जागी नारळाचं दूध, गूळ-वेलची घालून, तुमच्या शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या, रसासारखं. आई म्हणाली, "काकूंनी सांगितलं तसं केलंय. पहिला रस उकळला नाही."

बाबा बाजूला त्यांची दुधाची वाटी घेऊन बसले होते. जेवण निम्मं झाल्यावर त्यांनी माझ्या वाटीत पोळीचा तुकडा बुडवला. मग आणखी एक. मग आईकडे वाटी सरकवून म्हणाले, "मलाही वाढ थोडं."

मे महिन्यात येतोय, काकू. विरजण घेऊन येतो, देठं तुमच्या परसातली लागतील.

तुमचा,
खालच्या खोलीतला