रात्रीचे जॉब आणि तुझी झोप

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू "बाबा, सोळा टक्के!" म्हणालीस, म्हणजे तुझ्या नव्या रेणूचा सौरघट इतका कार्यक्षम ठरेल असं संगणकावरचं गणित, आणि मी विचारलं, "फंक्शनल कोणतं?" म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या गणिताला कोणतं सूत्र वापरलंस. तू फोन ठेवलास. स्वीडनमध्ये लिंशोपिंगला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, हे नंतर लक्षात आलं. इतक्या उशिरापर्यंत जागी का होतीस?

आधी शाबासकी द्यायला हवी होती, ती आता देतो. रेणू देखणा आहे. मधला गाभा सपाट ठेवून टोकांना फ्लोरिन लावायचं तुला सुचलं, ते मी आईला कागदावर काढून दाखवलं.

पण सोळाचा आकडा तपास. सौरघटाची कार्यक्षमता अंदाजायच्या शार्बरच्या २००६ च्या सूत्रात क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती इलेक्ट्रॉन हाती येतात) आणि फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि प्रवाहाच्या कमाल गुणाकारापैकी प्रत्यक्ष मिळणारा वाटा) दोन्ही ६५ टक्के धरलेले होते, तू ८० आणि ७५ धरलेस. ते आपण धरलेले आकडे, रेणूने दिलेले नव्हेत. व्होल्टेज ०.८२ आलंय, त्यात होमोची, म्हणजे इलेक्ट्रॉन भरलेल्या सर्वांत वरच्या कक्षेची, पातळी ०.१ ईव्हीने (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) चुकली तरी दोन टक्के गेले. शिवाय इतक्या लांब रेणूवर बी३एलवायपी हे फंक्शनल इलेक्ट्रॉन फार पसरवतं, शोषण खरं असतं त्यापेक्षा लाल दिशेला दिसतं आणि प्रवाह फुगतो. त्याची लांब अंतरासाठी सुधारलेली आवृत्ती, कॅम-बी३एलवायपी, लावून बघ. मोजमापं झालेले दहा-पंधरा रेणू, त्यात सौरघटांतला गाजलेला वाय६ सुद्धा, त्याच पद्धतीने काढ आणि प्रयोगातल्या पातळ्यांशी रेषा जुळव. त्याआधी सोळा कुणाला सांगू नकोस.

बाजूच्या लांब एथिलहेक्सिल साखळ्यांच्या जागी छोटं मिथिल ठेवलंस ते ठीक, पातळ्या फारशा हलत नाहीत. पण विद्राव्यता आणि रेणू एकमेकांवर कसे रचतात हे त्या साखळ्यांवरच ठरतं. वाय६ २०१९ मध्ये चांगशाच्या झोउ यिंगपिंग यांच्या गटाने दिला, १५.७ टक्के, आणि त्याचं बळ बरंचसं त्या रचणीत आहे. एकट्या रेणूच्या गणितात ती दिसत नाही.

रेणूच्या कंपनांच्या फ्रीक्वेन्सीत एक काल्पनिक आली म्हणालीस. म्हणजे ती रचना ऊर्जेचा किमान बिंदू नव्हे. त्या कंपनाच्या दिशेने अणू थोडे सरकव, पुन्हा ऑप्टिमाइझ कर, म्हणजे कमीत कमी ऊर्जेची रचना शोध. हे सकाळी कर. रात्री नको.

बघ, पुन्हा वर्ग घ्यायला लागलो. माफ कर.

गौरीच्या रांगोळीत एक ठिपका सरकला म्हणून तू सगळी पुसली होतीस, आणि पुन्हा मांडता मांडता ओसरीवरच झोपलीस. आत्याने उचलून आत नेलं. तिथे कोण उचलणार?

म्हणून जॉबचं, म्हणजे संगणकावर रात्रभर चालणाऱ्या गणितांचं, ऐक. ऑप्टिमायझेशन, फ्रीक्वेन्सी, टीडी (प्रकाशशोषणाचं गणित) असे तीन तुकडे कर. आधीचा नीट संपला तरच पुढचा सुटेल अशी अट रांगेत घाल. चेकपॉइंट फाइल (तोवरच्या गणिताची नोंद) स्क्रॅचमधून, म्हणजे तात्पुरत्या जागेतून, बाहेर जतन होऊ दे, म्हणजे वेळमर्यादेत तुटला तरी तिथून पुढे चालेल. रात्री दोनला उठून बघण्यासारखं काही उरत नाही. मागच्या डिसेंबरसारखं डोकं धरून बसणं मला आता ऐकवणार नाही.

संश्लेषण करणाऱ्या त्या मुलीला रेणू देण्याआधी पायऱ्या मोज. दहा पायऱ्या, प्रत्येकी ८० टक्के उतारा, म्हणजे शेवटी हातात ११ टक्केसुद्धा नाही. तिचे महिने जातील. आणि टोकं जोडणारा तो दुहेरी बंध प्रकाशात, विशेषतः सौरघटातल्या झिंक ऑक्साइडच्या थराला लागून, तुटतो. तिला आधीच सांग.

मेतकूट पोचलं का ते आई विचारते. काल किती वाजता झोपलीस, तेही लिही.

तुझा,
बाबा