वेळ घरापासून मोजा

‘पुणे-नागपूर : विमान की रस्ता?’ हा लेख वाचला. विमानाला दीड तास, रस्त्याने बारा-तेरा, हे खरेच. पण तो दीड तास पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीपासूनचा. वारज्याहून संध्याकाळी निघालेल्याचा येरवडा ओलांडेपर्यंतच तास-सव्वा तास जातो. त्यात चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून आणखी लवकर निघायचे. रस्त्याने जाणाऱ्यांचेही तेच. ट्रॅव्हल्सची गाडी खराडी-वाघोलीतच रखडते. समृद्धी महामार्ग लागतो तो थेट छत्रपती संभाजीनगरजवळ! म्हणूनच पुण्यासाठी होऊ घातलेल्या नव्या पुरंदर विमानतळाच्या आराखड्यात धावपट्टीइतकेच महत्त्व तिथवरच्या मेट्रोला आणि पीएमपीच्या बसला मिळावे. पुरंदर तर लोहगावाहूनही लांब आहे.

– एक वाचक, वारजे, पुणे