मुलांची पट्टी: संगीत शिक्षक संघटनेच्या आमच्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

परभणीला झालेल्या आपल्या संगीत शिक्षक संघटनेच्या वार्षिक सभेत आपण सचिवपदाचे दप्तर, पावतीपुस्तके आणि शिक्का नव्या कार्यकारिणीच्या हाती दिलात आणि शाल-श्रीफळ नको, भाषणे तर मुळीच नकोत, असे सांगून मागच्या रांगेत जाऊन बसलात. आपला शब्द त्या दिवशी कोणी मोडला नाही. मात्र आपण मला जे दिले ते चार लोकांसमोर सांगितल्यावाचून मला राहवत नाही. म्हणून हे पत्र आपल्या घरच्या पत्त्यावर न पाठवता उघडपणे लिहीत आहे. ते माझ्या एकटीच्या वतीने आहे. तरी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शाळेच्या एखाद्या कोपऱ्यात पेटी घेऊन बसणाऱ्या अनेकांना ते आपलेच वाटेल, अशी मला खात्री आहे.

सर, आपली पहिली भेट झाली तेव्हा मी गंगाखेडजवळच्या एका खेड्यातील शाळेत नव्यानेच रुजू झाले होते. हातात संगीत विशारदची पदवी होती आणि पाठीशी दहा-बारा वर्षांचा रियाज होता. साठ मुलांच्या वर्गाला गाणे कसे शिकवावे हे मात्र मला कोणीही शिकवलेले नव्हते. पाचवी ते आठवीच्या वेळापत्रकात माझ्या तासिका होत्या, पण त्या प्रत्यक्षात गणिताचा राहिलेला भाग पूर्ण करण्यासाठी किंवा मैदानाच्या साफसफाईसाठी वापरल्या जात. कपाटातील पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता आणि मधल्या सप्तकातील तीन सूर मुके झाले होते. ती पेटी कुठे दुरुस्त करून मिळेल, एवढे विचारण्यासाठी मी संघटनेच्या पत्रकावरील क्रमांकावर आपणांस दूरध्वनी केला. दुरुस्तीचे दुकान सांगण्याऐवजी आपण शाळेचा पत्ता विचारलात आणि पुढच्याच सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने परिपाठाच्या वेळेला येऊन पोहोचलात.

त्या सकाळचा प्रसंग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण माझ्या शिकवण्याची दिशा तिथे बदलली.

आपण कार्यालयात न बसता मैदानावर मुलांच्या शेवटच्या रांगेमागे जाऊन उभे राहिलात. मी नेहमीप्रमाणे काळी चारचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज (सा) धरून राष्ट्रगीत सुरू केले. ती माझी पट्टी, म्हणजे माझ्या गाण्याचा आधारसूर, होती, माझ्या गुरूंकडे मी त्याच पट्टीत शिकले होते आणि दुसरी पट्टी धरण्याचा विचारही माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. बावन्न सेकंदांत राष्ट्रगीत संपले. पुढच्या दोन रांगा गायल्या, मधल्या पुटपुटल्या आणि मागच्या रांगेतील मुले ओठ हलवत उभी राहिली. वर्षभर मी हेच पाहत आले होते आणि त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावूनही टाकला होता. माझ्या वहीत चौदा मुलांच्या नावांपुढे मी 'आवाज नाही' असा शेरा लिहिला होता आणि समूहगीतासाठी मुले निवडताना त्या चौदांना वगळले होते. आपण ती वही पाहिलीत. तेव्हा आपल्या चेहऱ्यावर राग नव्हता, तरीही मला मान वर करवली नाही.

मधल्या सुट्टीत आपण त्या चौदांना वडाच्या पारावर बोलावले आणि एकेकाला आपल्याशी गप्पा मारायला सांगितले. घरी शेळ्या किती, आजोळ कोणते, असल्या साध्या गप्पा होत्या. बोलता बोलता आपण पेटीच्या चालू असलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवून त्यांच्या बोलण्याचा सूर शोधत होतात. मग दोन शेतांच्या पलीकडे उभ्या असलेल्या मित्राला हाक मारतो तशी हाक मारायला सांगितलीत. ती हाक ज्या सुरावर पोहोचत होती तो सूर माझ्या काळी चारच्या किती तरी वर होता. त्यानंतर आपण मला राष्ट्रगीताचे स्वर लिहून काढायला लावले. 'भाग्यविधाता' म्हणताना स्वर मंद्र निषादापर्यंत (खालच्या सप्तकातील 'नी'पर्यंत) खाली उतरतो आणि शेवटी येणाऱ्या पहिल्या 'जय हे'ला तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातील 'सा'पर्यंत) चढतो. काळी चारला षड्ज धरला की तो मंद्र निषाद लहान मुलांच्या गळ्याखाली जातो, तिथे त्यांच्या आवाजाऐवजी नुसता श्वास निघतो आणि एकदा सूर सुटला की मूल पुढच्या ओळीला तोंड उघडत नाही. हे सारे मला स्वरलिपीत, म्हणजे चिन्हांनी लिहिलेल्या स्वरांत, वाचता येत होते. मात्र ते मुलांच्या गळ्यात जाऊन मी कधी ऐकले नव्हते.

आपण काळी एकवर, म्हणजे माझ्या पट्टीच्या वर असलेल्या पुढच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीवर, षड्ज धरून राष्ट्रगीत पुन्हा सुरू केलेत. चौदांपैकी अकरा जण स्वच्छ सुरात गायले. उरलेली तीन मुले आठवीतील होती आणि त्यांचा आवाज फुटण्याच्या वयात आलेला होता. त्यांना आपण खालच्या सप्तकात गायला सांगितलेत आणि आवाज फुटतो म्हणजे बिघडत नाही, तो मोठा होत असतो, वर्षभर त्याच्यावर जोर करू नका, असे समजावलेत. त्यातील एका मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. घरी आणि शाळेत त्याच्या आवाजाला सगळे हसत असत, आणि एक वयस्कर माणूस त्याच्यासमोर बसून त्या आवाजाकडे लक्ष देत होता.

माझ्या वहीतील ते पान मी फाडले नाही. त्या चौदा शेऱ्यांवर रेघ ओढून प्रत्येकापुढे त्या मुलाची पट्टी लिहिली. तेव्हापासून दर जूनमध्ये हजेरीइतक्याच नियमाने मी मुलांच्या पट्ट्या लिहिते.

दुपारी आपण पेटी उघडलीत. मुक्या सुरांपैकी दोन सुरांच्या पितळी पात्याखाली खडूची भुकटी अडकली होती. पाते बोटाने न उचलता त्याखाली पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवून ती कशी काढायची, हे आपण माझ्याच हातून करून घेतलेत. पात्याचे टोक खरवडले तर सूर चढतो आणि मूळ खरवडले तर उतरतो, म्हणून कळल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही, असे आपण बजावलेत. भात्याला चामड्याचे ठिगळ लावून झाल्यावर तो भरून, एकही पट्टी न दाबता, हवा किती वेळ टिकते ते मोजायला सांगितलेत. ती पेटी आजही चालते. त्या दिवशीचा आपला एसटीचा परतीचा खर्चही आपण घेतला नाहीत.

त्यानंतर मी संघटनेची सभासद झाले आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की, त्या सोमवारी माझ्या शाळेत जे घडले ते आपण कित्येक शाळांतून करत आला होतात. रविवारी कुठल्या तरी शाळेचे सभागृह मागून घ्यायचे, सतरंज्या स्वतः अंथरायच्या आणि हिंगोलीपासून धाराशिवपर्यंतच्या शिक्षकांनी आपापल्या अडचणी मांडायच्या, हे संघटनेचे काम. खेड्यात संगीताचा शिक्षक एकटा असतो. गणिताच्या शिक्षकाला शाळेतच दुसरा गणिताचा शिक्षक भेटतो, पण संगीताच्या शिक्षकाला ते सुख नाही, आणि म्हणून आपली चूक आपल्याला सांगणारे कोणी नसते. संघटनेने मला तसे सांगणारी माणसे दिली.

लातूरच्या कार्यशाळेत आपण सर्वांना एकच स्वरलिपी वाटून ती लगेच गायला सांगितली होती, ते मला विशेष आठवते. एका ओळीत दोन स्वरांवर टिंब होते. त्या ठिकाणी अर्धे सभागृह वर गेले आणि अर्धे खाली उतरले. स्वरलिपी लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: पलुस्कर पद्धतीत स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते, तर भातखंडे पद्धतीत तेच टिंब तार सप्तकाचे असते. ज्याने जी पद्धत शिकली तिच्याशी तो प्रामाणिक होता आणि तरीही गाणे मोडले. दोन्ही पद्धती प्रत्येकाला वाचता आल्या पाहिजेत, पण संघटनेकडून एकमेकांना पाठवायची समूहगीते एकाच पद्धतीत आणि चिन्हांचा खुलासा वर लिहूनच पाठवायची, हा निर्णय तिथे झाला. त्यानंतर आपण हाताने लिहून पाठवलेल्या स्वरलिप्यांची माझ्याकडे जाड फाइल झाली आहे. त्यातील प्रत्येक पानाच्या डोक्यावर षड्ज कोणत्या पट्टीला धरायचा, तेही लिहिलेले असते.

छत्रपती संभाजीनगरच्या शिबिरात आपण सुरुवात केली ती दौलताबादच्या किल्ल्याकडे बोट दाखवून. तेराव्या शतकात याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला आणि मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात असे नादाचे स्थान सांगितले, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले होते. आपण ते उभे राहून, छातीवर आणि कपाळावर हात ठेवून प्रत्यक्ष अनुभवायला लावलेत. दुसऱ्याच दिवशी मी ते सहावीच्या मुलांकडून करून घेतले. गुरुवर्य अण्णासाहेब गुंजकर आणि पंडित नाथराव नेरळकर यांच्यासारखी माणसे ज्या भूमीत गायली आणि ज्यांनी इथे शिष्य घडवले, त्या भूमीतील शाळकरी मुलांना गाण्याची तासिका मागावी लागू नये, ही आपली तळमळ मी त्या शिबिरात प्रथम ओळखली.

तासिकेच्या प्रश्नात आपण केलेल्या मदतीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यात दुखावलेली माणसे आज माझ्याशी चांगली वागतात. संगीत हा 'वरचा' विषय आहे आणि त्याला कायद्याचा आधार नाही, असे मला एकदा सांगण्यात आले होते. आपण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाची प्रत मला पाठवली. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपण मला भांडायला लावले नाही. अर्ज कसा लिहावा, त्यात तक्रारीचा एकही शब्द का नसावा, सोबत वर्षभराच्या पाठांचे नियोजन का जोडावे, हे शिकवलेत. आठवड्याच्या दोन्ही तासिका मला परत मिळाल्या.

आमच्या भागातील मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसवावे, म्हणून आपण पालकांच्या बैठकींना आलात. एका मुलीचे वडील ऊसतोडीला जाणार होते आणि परीक्षा नेमकी त्या हंगामात होती. मुलगी आजीजवळ गावी राहिली तर तिची परीक्षा बुडणार नाही, हे आपण त्यांना तासभर बसून समजावलेत. ती मुलगी आजीजवळ राहिली आणि त्यातून एक वेगळेच काम उभे राहिले. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. आम्ही त्यांना शाळेत बोलावले तेव्हा जात्याशिवाय गळ्यातून ओवी निघत नाही असे त्या म्हणाल्या, म्हणून दोन मुलांनी शेजारच्या घरातून जाते उचलून वर्गात आणले. जात्यात ज्वारीचे मूठभर दाणे टाकून त्यांनी खुंटा धरला आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर जनाबाईचे नाव घेऊन गायला सुरुवात केली. जात्याची एक फेरी म्हणजे ओवीची किती अक्षरे, हे मुलांनी बोटांवर मोजले. लय म्हणजे काय हे फळ्यावर सांगून त्यांना समजले नव्हते, ते त्या खुंट्याच्या फिरण्यात दिसले. त्या ओव्यांची स्वरलिपी मी आपल्याला पाठवली तेव्हा आपण लाल शाईने फक्त एक दुरुस्ती केलीत. मी त्या तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या ठरावीक तालात, बसवल्या होत्या. आपण तालाच्या रेघा खोडून शेजारी लिहिलेत, 'जात्याची लय आहे, ती तशीच राहू द्यावी.'

सर, टाळेबंदीच्या दोन वर्षांत शाळा बंद असताना आपण दर शनिवारी आम्हा सगळ्यांना आळीपाळीने दूरध्वनी करत होतात. तेव्हा विनाअनुदानित शाळांतील काही सहकाऱ्यांचे मानधन थांबले होते. कोणाच्या घरी किराणा कसा पोहोचला, हे आपण कधी बोलला नाहीत आणि ज्यांच्या घरी तो पोहोचला त्यांनीही आपल्या शब्दाखातर ते उघड केले नाही. मीही त्यापेक्षा अधिक लिहीत नाही.

आपल्या सौभाग्यवतींचेही आभार मला मानायचे आहेत. आपले सगळे रविवार संघटनेने घेतले आणि कार्यशाळेहून परतताना आम्हा शिक्षिकांची शेवटची गाडी चुकली की आपल्या घरी गरम भाकरी तयार असे. काकूंनी आम्हाला कधी पाहुणे वाटू दिले नाही.

नव्या कार्यकारिणीत परभणी जिल्ह्यातील शाळांच्या भेटींचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या भेटीला मी पुढच्या सोमवारी पूर्णा तालुक्यातील एका शाळेत जाणार आहे. तिथे नव्याने लागलेल्या शिक्षकाने पेटीचे दुकान विचारण्यासाठी दूरध्वनी केला होता. पिशवीत कागदाच्या पट्ट्या, चामड्याचा तुकडा आणि एक कोरी वही भरून ठेवली आहे.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणाला आपण आमच्या शाळेत यावे, ही विनंती आहे. शाल-श्रीफळ नसेल, भाषण नसेल. आपली जागा शेवटच्या रांगेमागे, वडाच्या पाराजवळ असेल. राष्ट्रगीत काळी एकमध्येच होईल.

आपली विद्यार्थिनी,
एक संगीत शिक्षिका
जि. परभणी