लवचिक सुरुवात म्हणजे पाठ केलेल्या खेळ्या नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडील खेड्यांतल्या शाळांतही बुद्धिबळाचे पट मांडले जात आहेत, याचा आनंद आहे. मात्र शालेय स्पर्धांत पंच म्हणून बसताना एक गोष्ट खटकते. पांढरी मोहरी मिळालेली बरीच मुले समोरच्याच्या खेळीकडे न पाहता घोडा एफ३ (एफ३, जी२ ही पटावरील घरांची नावे), प्यादे जी३, उंट जी२, कॅसलिंग (राजा व हत्ती यांची एकत्र चाल) आणि प्यादे डी३ एवढे एका दमात उरकतात; तोवर काळ्याची प्यादी सी५, डी५, ई५ वर ठाण मांडून बसतात. डाव संपल्यावर कारण विचारले, तर "सरांनी एवढंच शिकवलं" असे उत्तर येते.

यात दोष घोडा एफ३ ने होणाऱ्या त्या लवचिक सुरुवातीचा नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे रिचर्ड रेटी यांनी घोडा एफ३ व प्यादे सी४ याच मार्गाने तत्कालीन जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले, आणि तो त्यांचा आठ वर्षांतील पहिला पराभव होता. या पद्धतीचे मर्म केंद्र, म्हणजे पटाच्या मधली घरे, सोडून देण्यात नसून, तिथे कोणते प्यादे कधी न्यायचे हा निर्णय राखून ठेवण्यात आहे. धूळपेरणी करून आभाळाकडे पाहत बसण्याऐवजी वाफशाची वाट पाहावी, तसे हे आहे. घोडा एफ३ वर आला की काळ्याच्या ई५ ला लगाम बसतो. काळ्याने डी५ केल्यावर सी४ ने त्यावर घाव घालावा: त्याने प्यादे घेतले तर ई३ करून उंटाने ते परत मिळवता येते, पुढे डी४ वर रेटले तर ई३ किंवा बी४ ने ते पोखरता येते, आणि ई६ ने आधार दिला तरच जी३ व उंट जी२ ही मांडणी सावकाश करावी.

थांबण्याचीही किंमत असते. १९७० मध्ये बेलग्रेड येथे डेन्मार्कचे बेंट लार्सन यांनी केंद्रात प्यादे न नेता बी३ ने आरंभ केला आणि तत्कालीन जगज्जेते बोरिस स्पास्की यांनी त्यांना अवघ्या १७ खेळ्यांत गारद केले. हा डाव मुलांना रेटींच्या विजयाआधी दाखवावा, असे माझे मत आहे.

खेड्यातल्या मुलाला ना प्रशिक्षक परवडतो, ना संगणक. सिसिलियन बचावासारख्या सुरुवातीच्या वीस-वीस खेळ्यांच्या शाखा पाठ करण्यापेक्षा ही सुरुवात त्याला अधिक सोयीची आहे, पण समजून घेतली तरच. आपल्या क्रीडा पानावर असा एखादा डाव पटाच्या आकृतीसह, प्रत्येक खेळीचे कारण देऊन छापावा, ही विनंती. वर्तमानपत्र आमच्या शाळांत रोज येते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, आर्वी, जि. वर्धा